गणपूर्ती

उपस्थिती: चौदा.
लागतात पंधरा.
साडेसात वाजलेत आणि शाळेच्या हॉलमधला हीटर
नाणं गिळतो, वीस मिनिटांत विझतो.
मी चिटणीस. मांडीवर वही.

नऊ वर्षांपूर्वी मर्डोच्या गुडघ्यांनी राजीनामा दिला
तेव्हा बेटावरचा एकुलता पेट्रोलपंप
कंपनीनं कागदावरून खोडून टाकला.
ब्याण्णव माणसं, दोन हजार मेंढ्या: परवडत नाही.
पुढचा पंप फेरीबोटीपलीकडे,
आणि फेरीबोट वाऱ्याच्या मर्जीची.
मग आम्ही पंचवीस पौंडांचा एक असे भाग काढले.
पेगीनं अंड्यांचे पैसे मोजून दिले,
लॅक्लननं नातीच्या नावे एक घेतला, कुत्र्याच्या नावे एक
(कुत्र्याचा परत केला, उपविधीत बसेना).
किल्ली हाती आली त्या रात्री
शोनाग टाकीच्या झाकणावर नाचली, बूट काढून.

खरंच, गाव करील ते राव काय करील.
पण जानेवारीतल्या सोमवारी सकाळी सातला,
अंधारात, आडव्या पावसात,
कुलूप उघडायला गाव येत नाही.
एक माणूस येतो.
त्याच्या नाकाला थेंब लोंबत असतो.

इतिवृत्तात हे येत नाही.
इतिवृत्तात येतं: सेवेबद्दल आभार मानण्यात आले.
रूरी उधारीची वही पावसात विसरला
आणि सगळ्या बेटाला आपापलं देणं
आठवून सांगावं लागलं, तेही येत नाही.
बेरीज गेल्या महिन्यापेक्षा चाळीस पौंड जास्त निघाली.
टाकीत पाणी शिरलं त्या पंधरवड्यात
कोण कोणाच्या अंगणातून जायचं टाळत होतं,
तेही नाही.
शोनाग वसंतात गेली. वारस ग्लासगोत, पत्राला उत्तर नाही.
हजेरीत तिचं नाव मी अजून वाचते,
कारण यादी तशीच छापलेली आहे.

आजचा ठराव: लिटरमागे दोन पेन्स वाढ, नव्या टाकीसाठी.
टाकीवाल्याचा दर महिनाअखेरपर्यंतच.
चौदा.

खिडकीबाहेर टॉर्किलची गाडी.
दिवे बंद, काचांवर आतून वाफ.
पहिल्या सभेपासून तो विरोधात.
"जे सगळ्यांचं ते कोणाचंच नाही"
हे त्यानं मला लिहून घ्यायला लावलं होतं,
वर दोनदा वाचून दाखवायला.
भाग मात्र त्याचा सहाव्या क्रमांकाचा.

पेगी गेली, काच ठोठावली,
एकटीच परत आली, बसली, विणकाम काढलं.
अध्यक्षा ओइरिक म्हणाली, तहकूब करू.
कोणी खुर्च्या उचलायला लागलंसुद्धा.

मग दार.
टॉर्किल, टोपी न काढता:
"विरोध नोंदवायचा तर आत असावं लागतं ना?"

मी लिहिलं: पंधरा. गणपूर्ती झाली.
सूचक, अनुमोदक, चर्चा नाही.
बाजूनं तेरा. तटस्थ एक (झ्बिग, तो कायमच).
विरोधात एक.
त्यानं हात इतका ताठ वर धरला
की मोजून झालं तरी खाली आणेना.

आयत्या वेळचे विषय.
शुक्रवारची किल्ली, जी शोनागकडे असायची.
सगळे आपापल्या बुटांकडे बघू लागले.
रूरीला खोकला आला.
हीटर विझला आणि कोणाच्याच खिशात नाणं सापडेना.
टॉर्किलचा हात अजून वरच.

ओइरिकनं विचारलं, "हा आधीच्या विषयासाठी, की आताच्या?"

तो बराच वेळ बोलला नाही.
मग म्हणाला, "दोन नंबरचं नोझल गळतंय.
नऊ वर्षांत कोणी पाहिलंय का?"

हे कोणत्या मथळ्याखाली घ्यायचं, मी विचारलं नाही.
बोटं बधिर झाली होती. पेन सुटलं, टेबलाखाली घरंगळलं.
उरलेलं पेन्सिलीनं लिहिलं.